गणपती गेले, टेबल राहिलं

आमच्या घरात बसायला जागा भरपूर होती, लिहायला नव्हती. हे मी आता चार माणसांत रंगवून सांगते, लोक हसतात, त्यांच्याआधी मीच हसते. पण तेव्हा याच एका गोष्टीने माझ्या कानांच्या पाळ्या वर्षभर गरम ठेवल्या होत्या. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली आमची खोली मोजपट्टीसारखी लांबट होती. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला मोरी आणि मधल्या पट्टीवर आमचा संसार. दारातून आत येणारा पाहुणा थेट मोरीकडे बघतच यायचा. डावीकडे बाबांची खाट, उजवीकडे पत्र्याची ट्रंक, एकुलत्या एका खिडकीखाली आईचा स्टोव्ह. भिंतीपलीकडे जानकी आंटीचं घर. आंटी सिंधी, तिचा नवरा आणि दीर घरातच दिवसभर पँट्स शिवायचे. त्यांच्या मशिना सुरू झाल्या की आमच्या फळीवरचे डबे थरथरायला लागायचे, आणि मी भिंतीला टेकून लिहीत असले तर माझा ‘क’सुद्धा थंडी वाजल्यासारखा उमटायचा.

माझी लिहिण्याची जागा रोज बदलायची. उंबऱ्यावर बसले की आई म्हणायची, ‘ऊठ गो, उंबऱ्यावर बसू नये.’ ट्रंकेवर वही पसरली की नेमकं तेव्हाच कुणाला तरी ट्रंकेच्या तळातलं काहीतरी हवं असायचं. खाटेवर बाबा, रात्रपाळी करून आलेले, तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेले. शेवटी मला पोळपाट सापडला. मांडीवर पोळपाट घेतला की उंची अगदी झकास यायची. वही चौकोनी आणि पोळपाट गोल, त्यामुळे वहीचे चारही कोपरे लोंबकळायचे, पण मधल्या ओळी सरळ यायच्या. संध्याकाळ झाली की आई कणीक मळून समोर येऊन बसायची आणि हात पुढे करायची. ‘दे तो इकडे. उरलेलं पोळ्या झाल्यावर.’ मग माझं गणित हातच्यापाशी थांबायचं. माझ्या वह्यांना कायम कणकेचा वास यायचा. वर्गात वह्या तपासताना सोमणबाई माझी वही उघडायच्या आणि नंतर बोटं एकमेकांवर घासून पीठ झटकायच्या. बाई काही बोलायच्या नाहीत, पण सगळा वर्ग त्या बोटांकडे बघायचा.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. माणूस भलताच नाटकी. हा गुण माझ्यात कुठून आला असं विचारणाऱ्यांनी त्यांना जेवताना मीठ मागताना पाहायला हवं होतं. एका संध्याकाळी ते झोपेतून उठले आणि त्यांना समोर दिसलं ते असं, मी पोळपाटावर निबंध लिहितेय आणि आई लाटणं हातात घेऊन निबंध संपायची वाट बघतेय. बाबा खाटेवरच उभे राहिले. एक हात कमरेवर, दुसरा छताकडे.

‘बस्स! या घरात आता पोळ्या आणि विद्या वेगळ्या होणार!’

‘आधी खाली उतरा,’ आई म्हणाली. ‘खाट मोडेल.’

त्यांच्या कारखान्यात एक नवं मशीन मोठ्या लाकडी पेटीतून आलं होतं. साहेबांना विचारून बाबांनी त्या पेटीच्या फळ्या मागून घेतल्या आणि थोड्या थोड्या करून सायकलला बांधून आणायला लागले. रस्त्यात कुणी विचारलं, ‘क्या बना रहे हो, नाव?’ तर बाबा सायकल थांबवून उत्तर द्यायचे, ‘लड़की का दफ्तर!’ दाराबाहेर ठोकाठोक सुरू झाली. चार पाय, पायांना जोडणारी एक आडवी पट्टी आणि वर फळ्या. एक पाय किंचित आखूड निघाला, त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी. फळ्यांची एक बाजू रंधा मारून गुळगुळीत केली. दुसरी, म्हणजे टेबलाच्या पोटाची बाजू, तशीच राहिली. तिच्यावर काळ्या शाईत एक काचेचा पेला आणि वर जाणारे दोन बाण छापलेले होते. आत नाजूक सामान आहे, सांभाळून, ही बाजू वर. ते चित्र पुढे मला इतकं पाठ झालं की आजही डोळे मिटून काढीन.

टेबल तयार झालं तेव्हा पावसाळा होता. व्हार्निश वाळेना. मी रोज शाळेतून येऊन एका बोटाने हात लावून बघायची, बोट चिकटायचं, आणि आई ओरडायची. वाळता वाळता भाद्रपद आला. दरवर्षी गणपतीला आम्ही कोकणात मोठ्या काकांकडे जायचो. त्या वर्षी बाबांना रजा मिळाली नाही, म्हणून आईने ठरवलं की दीड दिवसाचा गणपती इथेच आणायचा. सगळं जमलं, पण मूर्ती ठेवायला चौरंग नव्हता. खोलीत नजर फिरली आणि सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी थांबल्या.

‘आधी देव बसू दे, मग तू बस,’ आई मला म्हणाली. ‘विद्येचाच देव तो. टेबलाला गुण येईल.’

बाबांना तर आकाश ठेंगणं झालं. त्यांनी हाताने केलेल्या टेबलावर साक्षात गणपती! जानकी आंटीने जरीची एक जुनी लाल साडी दिली, ती टेबलावर अशी अंथरली की चारही बाजूंनी जमिनीला टेकली. आईने मोदक केले, आंटीकडे ताट गेलं, त्या ताटातून दालपकवान परत आले. मी आरतीला झांज वाजवली. इथे कुणीही वाईट वागलेलं नाही, हे मी मुद्दाम सांगून ठेवते. पुढचं सगळं चांगुलपणातून झालं.

दीड दिवसाने गणपती उल्हास नदीत गेले. नदीतली मूठभर वाळू पाटावर घेऊन आम्ही घरी आलो, आईने तो पाट रिकाम्या टेबलावर ठेवून आरती केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर घेऊन, स्टूल ओढून, नव्या टेबलाशी बसले आणि पाय सवयीने त्या आडव्या पट्टीवर टेकवला.

‘पाय!’

आई एवढंच म्हणाली. मी पाय असा उचलला की स्टूल कलंडलं.

‘काल जिथे देव बसला तिथे आज तू पाय लावणार? तोंडात पेन्सिल चघळत?’

‘पण ते टेबल माझं आहे.’

‘तुझंच आहे गो. थोडे दिवस जाऊ देत.’

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग छताकडे. ‘थोडे दिवस,’ ते म्हणाले. ते थोडे दिवस काही गेले नाहीत. वाळूचा पाट उचलला तोवर नवरात्र आलं, आईने घट तिथेच बसवला. घट उठला तर भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी उतरून टेबलावर आल्या, कारण मशिनांच्या थरथरीने त्या सारख्या वाकड्या व्हायच्या. मग लक्ष्मीपूजन. टेबल वरून भरत गेलं. खाली मात्र, लाल साडीच्या आत, एक छान रिकामी खोली तयार झाली होती. एक दिवस मी साडी वर करून आत शिरले आणि तिथेच राहिले.

घरात कुणालाही यात काही विचित्र वाटलं नाही! आईला बरं वाटलं की पोर देवाच्या सावलीत अभ्यास करते. बाबांनी तर कमाल केली. टेबल मोकळं करायचं सोडून त्यांनी टेबलाच्या पोटात, पेल्याच्या चित्राशेजारी, होल्डर ठोकून एक बल्ब लावला. बल्ब लागला की लाल साडी आतून उजळायची आणि तिच्यावर माझी सावली पडायची. एकदा दूधवाल्याने दारातूनच त्या उजेडाला मनोभावे हात जोडले. मी आतून म्हटलं, ‘नमस्ते भैया.’ तो माणूस दुधासकट दोन पावलं मागे सरकला. हा किस्सा मी लग्नांत सांगते, हमखास टाळ्या पडतात. माझी मान तिथे कशी वाकलेली असायची, कोपर टेबलाच्या पायाला कसं लागायचं, आणि लिहिताना अक्षरं कशी उताराला लागून खाली घरंगळायची, ते मात्र लग्नांत सांगत नाही.

अक्षर पूर्वीपेक्षा बिघडलं. सोमणबाईंचा अक्षरावर फार जीव. त्यात शाळेच्या पालकसभेत बाबा उभे राहून, हात पसरून सांगून आले होते, ‘बाई, माझ्या मुलीला घरात स्वतंत्र टेबल आहे. स्वतंत्र!’ त्यामुळे बाईंना माझं कोडं उलगडेना. त्या वर्गासमोर माझी वही धरायच्या. ‘इथे कित्येकांच्या घरी धड पाट नाही, तरी बघा अक्षर. आणि वंदनाकडे टेबल आहे!’ मुलींनी माझं नाव ठेवलं टेबलवाली. रांगेत, नळावर, मैदानात, सगळीकडे टेबलवाली. मी काय सांगणार होते? बाई, टेबल आहे, पण त्याच्यावर देव आहेत आणि मी त्यांच्या खाली? माझे कान तापायचे आणि मी नुसती उभी राहायची. गरिबीची लाज वेगळी असते, ती वाटून घ्यायला वर्गात पुष्कळ मुली होत्या. जे आहे म्हणून सगळे सांगतात ते आपल्या वाट्याला नाही, ही लाज मला एकटीला होती.

मग एक दिवस बाई घरीच आल्या. त्या बदलापूरला बेलवलीत राहायच्या, शाळा सुटल्यावर अधूनमधून मुलांच्या घरी डोकवायची त्यांना सवय होती. उजेड चुकीच्या बाजूने येत असेल, त्यामुळे अक्षर बिघडत असेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी साडीच्या आत इतिहास लिहीत होते. बाहेर बाबांचा आवाज चढला. ‘अरे वा! या, या बाई! अगं, ऐकलंस का? बाई आल्या!’ आईने स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

‘टेबल बघायला आले,’ बाई म्हणाल्या. ‘खिडकीपासून किती लांब आहे ते बघावं म्हटलं.’

‘हे काय, बघा ना! माझ्या हातचं आहे. एक फळी विकतची नाही,’ बाबा म्हणाले, आणि त्यांनी नक्कीच हात पसरला असणार. बाईंना काय दिसत असेल ते मला आतून दिसत होतं: तसबिरी, समई, नारळ, फुलं, उदबत्तीचं घर.

‘छान आहे,’ बाई म्हणाल्या. ‘आणि वंदना कुठे बसते?’

बाबा गप्प. माझे बाबा, जे मीठ मागतानाही भाषण करायचे, ते गप्प. मशिनासुद्धा नेमक्या तेव्हाच थांबल्या होत्या. आणि मग दारातून, मनात काडीचंही पाप नसलेल्या जानकी आंटीचा खणखणीत आवाज आला.

‘वंदू? वो तो भगवान के नीचे बैठी है ना! अड़े वंदू, निकल बाहर, टीचर आई है!’

मी निघाले. टेबलाखालून चालत निघता येत नाही, रांगतच निघावं लागतं. लाल साडी डोक्यावर पदरासारखी आली, ती बाजूला करून मी वर पाहिलं तर समोर बाईंच्या चपला आणि त्यांच्यावर, खूप उंचावर, बाई. माझ्या मागे बल्ब लखलखीत पेटलेला. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. स्वतः ठोकलेल्या त्या बल्बकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी याआधी पाहिला नव्हता. तोंड हसण्यासाठी उघडलेलं तसंच राहिलं होतं. मला वाटलं, मी काहीतरी बोलले तर ते तोंड मिटेल.

बाईंनी पर्स बगलेत धरली, साडी सावरली आणि वाकून टेबलाखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझी वही, पेन्सिल, बसायला घेतलेलं पोतं, पेल्याचं चित्र. आईने चहा आणला. कपबशी ठेवायला तिचा हात टेबलाकडे गेला, तिथवर जाऊन थांबला आणि परत आला. बाईंनी बशी हातात घेतली. पर्स बगलेत, बशी एका हातात, कप दुसऱ्या हातात, अशा उभ्या उभ्याच त्या चहा प्याल्या. आई त्यांच्या हातांकडे बघत होती.

‘मुलगी वाढतेय हो,’ निघताना बाई एवढंच म्हणाल्या. ‘परीक्षेपर्यंत इथे मावायची नाही.’

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्री मुगाची उसळ होती, आंटीकडून आलेली कोकी, म्हणजे जाडसर सिंधी पोळी होती. आई म्हणाली, ‘मास्तरीणबाई घरात आल्या आणि माझ्याकडे कप ठेवायला जागा नव्हती.’ बाबा म्हणाले, ‘जागा मी केली होती.’ त्यात ठपका नव्हता. म्हणूनच आई ताटावरून उठली नाही, पण जेवलीही नाही. मग उसळीत बोट फिरवत तिने विचारलं, ‘अहो, उत्तरपूजेला आपण मूर्ती हलवली ना?’

‘हलवली की. मी धरून हलवली.’

‘टेबल नाही हलवलं.’

उत्तरपूजा म्हणजे देवाला निरोप. अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित सरकवतात. तिथून पुढे देव निघाला, उरली ती माती. आईचं म्हणणं असं पडलं की आपण निरोप मूर्तीला दिला, टेबलाला दिलाच नाही. तिथे देव अजून अडकून बसलेत, त्यांची काय चूक? आज मला कळतं की ती देवासाठी नाही, स्वतःसाठी वाट शोधत होती. केलेला नेम मोडायची तिची छाती नव्हती, पण नेम पुरा करायला ती केव्हाही तयार होती.

सकाळी तिने तसबिरी उतरवल्या, साडी काढून घडी केली. उघडं टेबल मी कितीतरी दिवसांनी पाहत होते. आईने त्याच्यावर अक्षता टाकल्या, एका कोपऱ्यावर चमचाभर दही ठेवलं, हात जोडून म्हणाली, ‘पुनरागमनाय च,’ आणि मग बाबांना, ‘हलवा.’ बाबांनी आणि मी दोन बाजूंनी धरून टेबल वीतभर सरकवलं. एवढ्याने भागलं असतं, पण आई म्हणाली, ‘अजून. अजून. खिडकीशी न्या. मी स्टोव्ह इकडे घेते.’ तसबिरी ट्रंकेवर गेल्या. जानकी आंटी दारात उभी राहून सगळं बघत होती. ‘टेबल की विदाई?’ तिने विचारलं आणि तीही हात जोडून उभी राहिली.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण लाज इतक्या लवकर निरोप घेत नाही. शाळेत बाईंनी वर्गाला सांगितलं, ‘वंदनाच्या अक्षरावरून तिला कुणी काही बोलायचं नाही,’ आणि जिला आजवर फक्त काही मुली चिडवायच्या तिच्याकडे आता पन्नास डोळे दयेने बघायला लागले. घरी मी टेबलाशी बसले तेव्हा आई हळूच म्हणाली, ‘पाय तेवढा पट्टीला लावू नकोस हां.’ मी नाही लावला. स्टूल उंच, माझे पाय अधांतरी. लोंबकळत्या पायांनी लिहून बघा, हात स्थिर राहत नाही. पहिलं पान पोळपाटावरच्या पानापेक्षा वाईट आलं. बाबा मागे उभे होते. त्यांनी पान पाहिलं. मला वाटलं, आता ते खाटेवर चढून काहीतरी जाहीर करतील. ते खाली वाकले, माझ्या हलणाऱ्या पायांकडे पाहत राहिले आणि बाहेर गेले.

उरलेल्या एका फळीतून त्यांनी पायाखाली घ्यायचा एक बुटका पाट केला. या वेळी रस्त्यात कुणाला सांगितलं नाही, ठोकतानाही हळू ठोकला. माझ्या पायांखाली सरकवला, पाय धरून त्याच्यावर ठेवले आणि अगदी साध्या आवाजात, जो मी त्यांच्या तोंडून क्वचित ऐकला, म्हणाले, ‘हा तुझ्या पायांचा. याच्यावर देव बसायचा नाही.’ मला इतकी लाज वाटली की मी मान वर केली नाही. वडिलांनी पायाला हात लावावा! मी लिहीत राहिले. अक्षर सुधारलं, हळूहळू, कणकेच्या वासाशिवाय.

ते टेबल लग्नानंतर माझ्याबरोबर बदलापूरला, मांजर्लीतल्या आमच्या तळमजल्याच्या घरात आलं. एका पावसाळ्यात उल्हास नदी घरात शिरली, पाणी उतरलं तेव्हा फळ्या फुगून सुट्या झाल्या होत्या. उत्तरपूजा आईने केव्हाच केली होती. विसर्जन राहिलं होतं, ते नदी स्वतः येऊन करून गेली. पाट मात्र तरंगत दाराशी येऊन अडकला होता. आता आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. माझ्या मुलीला तिच्या खोलीत स्टडी टेबल आहे, त्याच्यावर इस्त्रीचे कपडे असतात आणि ती पलंगावर पालथी पडून लिहिते. मी बोलायला तोंड उघडते आणि मिटते. पाट माझ्या लिहायच्या टेबलाखाली, माझ्या पायांखाली असतो. हे लिहितानाही आहे.

यंदा गणपतीच्या आदल्या संध्याकाळी सजावट चालली होती. मूर्ती थोडी बुटकी वाटत होती. मुलीने माझ्या टेबलाखाली हात घालून पाट ओढला, पुसला आणि मखरात ठेवून बघितला. ‘मम्मा, एकदम परफेक्ट हाइट! बाप्पाला हाच ठेवू या.’

‘त्याच्यावर नको.’

‘का? इतका मस्त बसतोय.’

‘तो पायांचा आहे,’ मी म्हटलं.

‘ओह. सॉरी, सॉरी!’ तिने चटकन तो उचलून खाली ठेवला, हात जोडून देवाची माफी मागितली, आणि हात धुवायला गेली. ती समजली ते वेगळंच, पण मी काही सांगत बसले नाही. मखरासमोर मी एकटीच उरले. कुठल्याही मंडपात माईक घेऊन बोलणारी मी, मला त्या मूर्तीकडे मान वर करून बघवेना. एका पाटासाठी मी देवाला नाही म्हटलं होतं. मी पाट परत टेबलाखाली सरकवला, त्याच्यावर पाय ठेवले आणि खाली बघतच म्हटलं, ‘माफ कर रे बाबा. पण माझ्या बाबांनी शब्द दिलाय.’